ट्यूबाचा तिसरा व्हॉल्व्ह साफ करूनही पुन्हा पुन्हा अडकतोय?

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. व्हॉल्व्ह धुतला, पुसला, तेल घातलं की दोन-चार दिवस अगदी मोकळा चालतो. मग एखाद्या सकाळी दाबल्यावर अर्ध्यावर येऊन थांबतो आणि बोटांनी वरचं बटण धरून वर ओढावा लागतो. पुन्हा धुवायचं, पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस बरे जातात. माझ्या ट्यूबाच्या तिसऱ्या व्हॉल्व्हनं नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पाच वेळा हेच केलं. पाचही वेळा मी व्हॉल्व्हवर उपचार केले. दोष व्हॉल्व्हात नव्हता, त्याच्यापासून वीतभर लांब होता.

वाद्याची थोडी माहिती द्यायला हवी, कारण दोषाचं मूळ मी केलेल्या बदलात आहे. ट्यूबा म्हणजे ब्रास बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य, आणि पिस्टन म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हमधे वर-खाली सरकणारा दट्ट्या. हा तीन पिस्टनचा ई फ्लॅट ट्यूबा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळेच्या मोडीच्या भावानं मिळाला. कर्ण्याला पोचे, मुलामा बहुतेक उडालेला, एक टोपी सुतळीनं बांधलेली. पण लंडनचा शिक्का स्पष्ट होता आणि पिस्टन काढून पाहिले तर तिन्ही गुळगुळीत. पितळेतलं जस्त निघून गेलं की गुलाबी-तांबूस ठिपके पडतात आणि नळी आतून पोखरते, तसं कुठंही दिसलं नाही. पोचे उतरवले, स्लाइडी (आत-बाहेर सरकणाऱ्या यू आकाराच्या नळ्या) सोडवल्या, नवे फेल्ट (व्हॉल्व्हमधल्या लोकरी चकत्या) कापून घातले आणि फुंकला. आवाज असा भरदार आला की सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

त्यांचीच पेटी घेऊन सूर जुळवायला बसले तेव्हा घोळ कळला. ई फ्लॅट म्हणजे आपली काळी दोन. ट्यूबाचा मोकळा सूर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या बरोबर मधे येत होता. हे मोडतोडीमुळे झालेलं नव्हतं. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत, तिथला ‘ए’ (सूर जुळवायचा प्रमाण स्वर) सुमारे ४५२.५ हर्ट्झचा, आजचा ४४० चा. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा (काळी दोन ते पांढरी तीन एवढं अंतर म्हणजे एक सेमीटोन). तिथून आपल्याकडे आलेली कितीतरी जुनी वाद्यं याच पट्टीतली आहेत. पेटीबरोबर किंवा आजच्या क्लॅरिनेटबरोबर ती कधीच जुळत नाहीत आणि लोक ती ‘बेसूर’ म्हणून मोडीत काढतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण इलाज सोपा आहे: नळी लांब करायची.

ई फ्लॅट ट्यूबाची नळी सुमारे चार मीटर. पट्टी ४५२.५ वरून ४४० वर आणायला लांबी २.८ टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे अंदाजे ११ सेंटिमीटर. मुख्य ट्यूनिंग स्लाइडला दोन पाय असतात, तेव्हा प्रत्येक पायात साडेपाच सेंटिमीटर. मी स्लाइडचा वाकडा भाग पायांपासून सोडवला, मधे साडेपाच-साडेपाच सेंटिमीटरचे दोन तुकडे घातले, सांध्यांवर पितळी कडी चढवली, मजबुतीसाठी एक आडवी पट्टी लावली आणि सगळं डाख देऊन पक्कं केलं. सूर खाली उतरला, पेटीशी जुळला. हे झालं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

त्याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तिसरा व्हॉल्व्ह पहिल्यांदा अडकला. मी मात्र या दोन गोष्टींची सांगड घातलीच नाही, कारण तेव्हाच थंडीही पडली होती. आम्ही आठ-दहा हौशी वादक रविवारी सकाळी सात वाजता एका शाळेच्या पटांगणात जमतो. व्हॉल्व्ह अडकायचा तो तिथंच. दुपारी घरी आणला की सुटायचा. सगळ्यांचं एकमत झालं की थंडीत तेल घट्ट होतंय.

तेलाचा संशय खोटाच असतो असं नाही, म्हणून त्याची तपासणी आधी सांगते. आपल्याकडे जुन्या वाद्यांत खोबरेल घातलेलं सर्रास सापडतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात सकाळी व्हॉल्व्ह जाम होणारच. शिवाय ते जुनं झालं की चिकट पिवळा थर धरतं आणि नवं पातळ तेल त्यावर नुसतं तरंगत राहतं. पिस्टनवर नख फिरवून पाहा. मेणासारखं काही निघालं तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं पिस्टन आणि केसिंग (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) दोन्ही धुवा, आणि व्हॉल्व्हचं म्हणून मिळणारं एकच तेल वापरा. दोन तेलं मिसळू नका. स्लाइडचं ग्रीस व्हॉल्व्हात उतरतं, तेही पुसून काढा. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारांचा पांढरट थर बसतो. तो पाण्यात थोडं लिंबाचं सत्त्व घालून निघतो, पण पंधरा-वीस मिनिटांच्या वर भिजत ठेवू नका, पितळ गुलाबी पडायला लागतं. हे सगळं मी केलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग शोध घ्यायचा तर कोणत्या क्रमानं? माझा क्रम असा ठरला: ज्यानं काही कापलं, घासलं किंवा तापवलं जात नाही त्या चाचण्या आधी. पिस्टन आणि केसिंग यांच्यामधली फट शतांश मिलिमीटरमधे मोजायची असते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तिथं एकदा घासलेलं परत भरून येत नाही.

सगळ्यात पहिल्यांदा पिस्टनवरचे आकडे पाहा. १, २, ३ असे कोरलेले असतात. दिसायला तिन्ही सारखे, पण प्रत्येक पिस्टन आपापल्या केसिंगसाठी बसवलेला असतो. धुताना अदलाबदल झाली असेल तर आजार तिथंच संपतो.

नंतर वरची टोपी दोन आटे सैल करून व्हॉल्व्ह दाबा. सैल केल्यावर मोकळा झाला तर दांडा वाकलेला आहे आणि तो टोपीच्या भोकाला घासतोय. दांडा गुळगुळीत पाट्यावर लोळवला की वाक लगेच दिसतो. टोपी परत घट्ट करा, आणि आता खालची टोपी पूर्ण काढा. यानं सुटला तर खालच्या टोपीचं हवेचं भोक बुजलंय, किंवा वाद्य आपटून ती टोपी चेपलीय. माझ्या बाबतीत दोन्ही वेळा काहीच फरक पडला नाही.

स्प्रिंग ओढून लांब करायचा मोह आवरा. मला दोघांनी हा सल्ला दिला. जास्त ताणलेली स्प्रिंग मधे फुगते, पिस्टनला एका बाजूला ढकलते, आणि अडकणारा व्हॉल्व्ह जास्त जोरानं अडकतो.

आता पिस्टन स्वतः. स्प्रिंग काढा, पिस्टन आणि केसिंग अगदी कोरडे पुसा, आणि पिस्टन हलकेच आत सोडा. स्वतःच्या वजनानं जिथं थांबेल तिथं खूण लक्षात ठेवा. मग वाद्य पालथं करून तोच पिस्टन खालच्या तोंडातून घाला. दोन्हीकडून एकाच उंचीवर थांबला तर केसिंगमधे त्या जागी पोचा किंवा उंचवटा आहे. दुसऱ्या व्हॉल्व्हचं हे दुखणं नेहमीचं: त्याची छोटी स्लाइड बाहेर डोकावते, दाराला आपटते आणि धक्का थेट केसिंगला बसतो. माझा अडकत होता तिसरा, आणि कोरडा सोडला तर तो खटकन तळापर्यंत जायचा, दोन्हीकडून. म्हणजे टेबलावर निरोगी आणि पटांगणात आजारी!

याच टप्प्यावर मी वाद्य एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं होतं. तिथं पाचच मिनिटांत उत्तर मिळालं: ‘पावडर लावून घासून देतो, सैल होईल.’ त्यांनी पिस्टन केसिंगमधे घालूनसुद्धा पाहिला नव्हता. मी वाद्य परत आणलं. घासून व्हॉल्व्ह सैल होतो हे खरं आहे, पण मग सगळीकडूनच सैल होतो, हवा गळते, खालचे सूर पोकळ येतात. ज्या व्हॉल्व्हची फट टेबलावर बरोबर आहे त्याला घासायचं कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसेल तर घासू देऊ नका.

उत्तर सापडलं संक्रांतीच्या दुपारी. आदल्या रविवारी आमच्यातले ट्रम्पेटवाले अंकल मला म्हणाले होते, ‘अगो, तू खाली उतरलीयस, स्लाइड पूर्ण आत घे.’ ते गोव्याचे, लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सारेगम, शिकलेले. सुराबाबत त्यांचा कान कधी चुकत नाही. स्लाइड आत घेतली, सूर जुळला, आणि पुढच्याच गाण्यात व्हॉल्व्ह अडकला. घरी बसल्यावर हे डोक्यात घोळत राहिलं. सकाळी हवा थंड, ध्वनीचा वेग कमी, म्हणून वाद्य उतरतं; नळीतल्या हवेच्या दर अंशाला साधारण तीन सेंट (शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन). मग मी स्लाइड पूर्ण आत घालते. दुपारी घरी वाद्य चढतं, तेव्हा स्लाइड दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर असते. थंडीत अडकतो असं आम्ही समजत होतो, पण थंडीत स्लाइडही आत असायची.

दुपारचे दोन वाजलेले, गच्चीत ऊन, वाद्य हाताला गरम लागत होतं. तेल घट्ट व्हायचा प्रश्नच नव्हता. मी स्लाइड पूर्ण आत दाबली आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबला. अडकला. स्लाइड तीन सेंटिमीटर ओढली, तो आपोआप वर आला. पुन्हा आत, पुन्हा अडकला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. तिळगुळाचे हात तसेच होते, पेटीवरही डाग पडले, पण मी खाली जाऊन सगळ्यांना वर बोलावलं आणि अकराव्यांदा करून दाखवलं.

कारण असं. माझ्या ट्यूबात तिसऱ्या व्हॉल्व्हच्या केसिंगमधून निघालेली आखूड नळी थेट मुख्य स्लाइडच्या बाहेरच्या नळीला जोडलेली आहे. स्लाइडचे दोन पाय एकमेकांना तंतोतंत समांतर नसतील तर ती जितकी आत जाईल तितक्या जोरानं बाहेरच्या नळ्यांना फाकवते. तो जोर आखूड नळीतून तरफेसारखा केसिंगवर येतो. केसिंग शतांश मिलिमीटरनं मुरडलं की पुरे. स्लाइड काढली की ताण गेला, केसिंग सरळ झालं. आणि साफ करायला घेतलं की सगळ्यात आधी मी काय काढत होते? मुख्य स्लाइड. म्हणून टेबलावर व्हॉल्व्ह नेहमी निरोगी दिसायचा. धुतल्यावर दोन-चार दिवस बरे जायचे त्याचंही कारण हेच: ते दिवस घरच्या दुपारच्या रियाजाचे, स्लाइड बाहेर असतानाचे. त्यातून ताजं तेल.

खात्रीसाठी पिस्टनवर मार्कर पेनानं उभ्या रेघा मारल्या, स्लाइड पूर्ण आत ठेवून वीसेक वेळा दाबला आणि बाहेर काढला. रेघा वरच्या अंगाला डाव्या बाजूला पुसल्या होत्या आणि खालच्या अंगाला उजव्या. मधे जशाच्या तशा. पिस्टन तिरका घासतोय याचा याहून स्पष्ट पुरावा नको. (शाई स्पिरिटनं निघते, पूर्ण काढा.) पोचा असता तर एकाच जागी ठिपका पुसला असता. मग व्हर्नियर घेऊन स्लाइड मोजली: पायांच्या उघड्या टोकांतलं अंतर वाकाजवळच्या अंतरापेक्षा ०.६ मिलिमीटर जास्त. डोळ्याला काही कळत नाही. डाख देताना मी पाय शिकंज्यात आवळले होते आणि तारेनं बांधले होते. तो ताण डाखाबरोबर आत बंद झाला.

तुमच्याकडे व्हर्नियर नसेल तरी ही चाचणी करता येते. स्लाइडचा फक्त एक पाय त्याच्या नळीत घाला आणि दुसरा पाय दुसऱ्या नळीच्या शेजारून जाऊ द्या. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. तो मोकळा पाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारच्या नळीशी सारखं अंतर ठेवून सरकला पाहिजे. हळूहळू दूर किंवा जवळ जात असेल तर स्लाइड फाकलेली किंवा मिटलेली आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या छोट्या स्लाइडलाही हीच चाचणी लागू. अडकणाऱ्या व्हॉल्व्हची स्वतःची स्लाइड काढून पाहा, मग मुख्य स्लाइड, मग तोंडाकडच्या नळीचा आधार सैल करून. ज्यानं सुटेल तिथं ताण आहे.

दुरुस्ती मी एकटीनं केली नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका काकांकडे गेले. त्यांनी ट्यूबा पहिल्यांदाच हातात घेतला होता, पण बंबाच्या नळ्या आणि त्यांचे सांधे यांत आयुष्य गेलेलं. स्लाइड आत-बाहेर करताना त्यांनी डोळे मिटले आणि दुसरा हात केसिंगवर ठेवला. ‘ताई, इथं ओढतंय,’ म्हणाले, आणि बोट ठेवलं ते नेमकं आखूड नळीच्या मुळाशी.

पद्धत अशी ठरली. आधी व्हॉल्व्ह, फेल्ट, स्प्रिंगा सगळं काढून ठेवलं. स्लाइडचे मूळचे दोन पाय वाद्याच्या नळ्यांत घातले, तेल लावून, त्यांच्या मर्जीनं बसतील तसे. जवळच्या सांध्यांवर ओली फडकी गुंडाळली. कथील-शिशाचा डाख १८३ ते १९० अंशांना वितळतो, शेजारचे सांधे सुटायला वेळ लागत नाही. मग आडव्या पट्टीचा डाख आधी सोडवला आणि नंतर कड्यांचा, एकेक करून. शेवटचं कडं सुटलं त्या क्षणी वाकडा भाग कुणी हात न लावता बाजूला सरकला, गव्हाच्या दाण्याएवढा. तीन महिने माझ्या व्हॉल्व्हला जे मुरगळत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काका काही बोलले नाहीत, फक्त बत्ती बाजूला केली आणि मला नीट बघू दिलं.

थंड झाल्यावर सांधे घासून स्वच्छ केले, वाकडा भाग नुसता टेकवला, कुठंही दाबला नाही, बांधला नाही. गरज पडली तिथं कड्याचं तोंड किंचित रुंद केलं, म्हणजे ते नळीला ओढणार नाही. डाख त्याच अवस्थेत दिला. आडवी पट्टी सगळ्यात शेवटी, आणि ती दोन पायांमधे ठोकून न बसवता, सहज बसेल इतकी आखूड कापून. ही पट्टीच बहुतेक वेळा गुन्हेगार असते: अर्धा मिलिमीटर लांब राहिली तरी पाय फाकवते.

तीन सूचना कळकळीनं. डाखाला लावलेलं ॲसिड किंवा नवसागर आत राहिला तर आठवड्याभरात हिरवा कळंक चढतो, आणि तो सुटून व्हॉल्व्हात गेला की नव्यानं अडकायला कारण मिळतं. सोड्याच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा, मग साध्या पाण्यानं, मगच पिस्टन घाला. तसंच पितळ चमकवायची पेस्ट व्हॉल्व्हच्या आसपास फिरकू देऊ नका. तिच्यात बारीक घासणारी पूड असते आणि ती केसिंगमधे गेली की महिनोन् महिने काम करत राहते. आणि डाखात शिसं असतं, तेव्हा हे काम उघड्यावर करा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि माउथपीसजवळच्या सांध्यांना बिनशिशाचा डाख वापरा.

स्लाइड आता दोन बोटांनी शेवटपर्यंत आत जाते. व्हर्नियरवर दोन्ही टोकांतला फरक वाचता येत नाही इतका कमी. त्यानंतरचे चार रविवार सकाळी सात वाजता, स्लाइड पूर्ण आत, व्हॉल्व्ह एकदाही अडकला नाही, आणि मधे मी तो धुतलेलाही नाही.

मुख्य स्लाइड लांब केली असेल तर छोट्या स्लाइडीही त्याच प्रमाणात ओढून ठेवाव्या लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह दाबलेले सूर चढे येतात: दुसरी सुमारे तीन मिलिमीटर, पहिली सात, तिसरी दहा-अकरा. त्या ओढताना वर सांगितलेली समांतर पायांची चाचणी प्रत्येकीला करून घ्या. माझ्या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडवर एक जुना पोचा अजून तसाच आहे. तो व्हॉल्व्ह स्लाइड आत असो की बाहेर, मोकळा चालतो, म्हणून त्याला मी हात लावलेला नाही.